लढाई निर्णायक होती की नाही, हे कसे ठरवावे? मराठवाड्यातील रणभूमींच्या आधारे एक अभ्यासपद्धती

जगातील निर्णायक लढायांच्या याद्या बाजारात आणि इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. गॉगमेला, कॅनी, हेस्टिंग्ज, पानिपत, प्लासी, वॉटर्लू, स्टालिनग्राड ही नावे बहुतेक याद्यांत असतात आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ती सन, सेनापती आणि तह अशा तीन रकान्यांत उतरवून घेतात. त्या वहीत फक्त एकच गोष्ट नसते, ती म्हणजे ‘निर्णायक’ हा शेरा कोणी मारला आणि कशाच्या आधारावर मारला. हा शेरा स्वतः तपासून पाहण्याची पद्धत येथे मांडली आहे. उदाहरणे मुद्दाम मराठवाड्यातील घेतली आहेत, कारण पालखेड, औसा-उदगीर, राक्षसभुवन आणि असई या रणभूमी आपल्या एस. टी.च्या टप्प्यात आहेत, खर्डा तर बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच आहे, आणि जी जागा पायाखालून घालता येते तिच्यावर केलेला अभ्यास वॉटर्लूच्या नकाशाकडे पाहतानाही उपयोगी पडतो.

प्रथम कसोटी ठरवून घ्यावी. मृतांची संख्या ही कसोटी नव्हे. हरलेल्या पक्षाकडे पुढच्या हंगामात लढण्यासाठी काय उरले, हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर फौज, पैसा व निर्णय घेणारा माणूस अशा तिन्ही अंगांनी शोधावे. इ. स. पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर हॅनिबलने रोमची प्रचंड फौज वेढून कापून काढली. युद्धकलेचा नमुना म्हणून ही लढाई आजही लष्करी शाळांत शिकवली जाते. मात्र रोमकडे नवी फौज उभी करण्याइतकी माणसे उरली होती आणि तह न करण्याचा निश्चयही उरला होता, त्यामुळे युद्ध चालूच राहिले आणि इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलच हरला. उलट १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्ज येथे राजा हॅरॉल्ड पडला आणि त्याच्या जागी सर्वांना एकत्र ठेवील असा माणूस इंग्लंडमध्ये राहिला नाही, म्हणून एका दिवसाच्या लढाईने राज्य बदलले. जून १९४२ मधील मिडवेच्या सागरी लढाईत जपानची चार मोठी विमानवाहू जहाजे बुडाली. अमेरिकेचे कारखाने नवी जहाजे ज्या वेगाने पाण्यात सोडत होते त्या वेगाने ती भरून काढणे जपानला शक्य नव्हते, आणि म्हणून ती लढाई या कसोटीला उतरते. १८१२ मध्ये बोरोदिनो येथे नेपोलियनने मैदान मारले आणि आठवडाभरात तो मॉस्कोत शिरला, परंतु रशियाची फौज मोडली नव्हती आणि झारने तहाचा शब्दही काढला नाही. मैदान कोणाच्या हाती राहिले आणि युद्ध कोणाच्या हाती राहिले, ही दोन वेगळी उत्तरे असू शकतात, याची खूणगाठ आरंभीच बांधावी.

लढाईच्या दिवसाचे वर्णन वाचण्यापूर्वी दोन्ही पक्षांना काय हवे होते ते कागदावर लिहून काढावे. हे काम कंटाळवाणे वाटते आणि बहुतेक जण ते टाळून थेट तोफांच्या गडगडाटाकडे वळतात. पालखेडची लढाई घेतली म्हणजे या कामाचे मोल कळते. निजामुल्मुल्कने छत्रपती शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातील वाद पुढे करून, दख्खनच्या चौथाईचा खरा हक्कदार कोण, असा प्रश्न उभा केला होता आणि संभाजींना हाताशी धरून तो पुण्यापर्यंत आला होता. त्याचा हेतू केवळ मुलूख मारण्याचा नव्हता, तर शाहूंच्या अधिकारावरच शंका उत्पन्न करण्याचा होता. बाजीरावाने पुणे वाचवण्यासाठी पुण्याकडे धाव घेतली नाही. त्याने जालन्याच्या बाजूचा निजामाचा मुलूख उधळला, खानदेश व गुजरातेकडे मुसंडी मारली आणि बुऱ्हाणपूर-औरंगाबादला धाक घालून निजामालाच परत फिरण्यास भाग पाडले. जलद हालचाल करता यावी म्हणून निजामाने आपला जड तोफखाना मागे ठेवला आणि फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडच्या उंचसखल रानात त्याची छावणी घेरली गेली. दाणा-वैरण तुटली, पाणी तुटले. मोठी कत्तल झालीच नाही. ६ मार्च १७२८ रोजी पैठणच्या पलीकडे मुंगी-शेवगाव येथे तह झाला, शाहूंचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य झाले आणि संभाजींचा पक्ष निजामाने सोडला. ज्या हेतूने तो निघाला होता तोच हेतू त्याला आपल्या हाताने लिहून सोडावा लागला. प्रेते मोजणाऱ्याला ही लढाई किरकोळ वाटेल. हेतू मोजणाऱ्याला ती अठराव्या शतकातील दख्खनच्या सर्वांत निर्णायक लढायांपैकी एक वाटेल, आणि प्रस्तुत लेखकाचे मतही तेच आहे.

त्यानंतर जागा निश्चित करावी, आणि या टप्प्यावर घाई करू नये. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात पाच-पाच आहेत. पालखेड म्हटले की अनेकांना नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड आठवते, परंतु लढाईचे पालखेड वैजापूरच्या परिसरातील आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलवर्णनात्मक नकाशे, जुनी गॅझेटिअर आणि उपग्रहाची छायाचित्रे ही तीन साधने शेजारी-शेजारी ठेवून गावाचे नाव, नदी आणि जुनी वाट जुळतात का ते पाहावे. नकाशावर सर्वप्रथम पाणी निळ्या पेन्सिलीने ठळक करावे, मग उतार (नदी ओलांडता येईल अशा उथळ जागा), मग चढ, आणि गावठाणे सर्वांत शेवटी. हजारो घोडी, बैल व माणसे घेऊन चालणाऱ्या फौजेचा मार्ग तलवारीपेक्षा पाणी आणि वैरणच अधिक ठरवत असे. मलिक अंबरने १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला होता. ज्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले, त्याला पाण्याची किंमत कोणी सांगायला नको होती.

आता असई. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादच्या पट्ट्यात केळणा आणि जुई या दोन नद्या काही अंतर समांतर वाहून पुढे एकमेकींना मिळतात, आणि त्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज या बेचक्यात केळणेच्या उत्तर काठाने पसरलेली होती. इंग्रजांचे सेनापती आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या दोन तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी येऊन दुसऱ्या दिवशी एकत्र हल्ला करणार होत्या. मोठी मजल मारून वेलस्ली नळणीजवळ पोचला तेव्हा मराठ्यांची छावणी अपेक्षेपेक्षा फार जवळ असल्याचे त्याला कळले आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढण्याचे ठरवले.

येथे वाचकाने नकाशा समोर घेऊन थांबावे. समोरून नदी ओलांडणे म्हणजे शंभराच्या आसपास तोफांच्या तोंडी जाणे होते. वाटाड्ये सांगत होते की जवळपास दुसरा उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसली, आणि एवढ्या जवळ वसलेल्या गावांमध्ये जाण्यायेण्याला उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला. तो खरा ठरला. मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला हा तर्क शिकवावा लागणार नाही, कारण पलीकडच्या गावात सोयरीक असली की पाऊलवाट आपोआप पडते. मात्र ही हकीकत वेलस्लीच्याच बाजूने आलेली आहे आणि विजेत्याच्या चातुर्याच्या गोष्टी मागाहून गोड होत जातात, एवढे भान अभ्यासकाने ठेवावे. तर्काचे श्रेय किती हा वाद बाजूला ठेवला तरी उतार होता आणि तो राखलेला नव्हता, या दोन गोष्टी उरतात. मराठ्यांच्या बाजूने विचारायचा खरा प्रश्न हाच आहे की हजारो स्वार हाताशी असताना तो उतार मोकळा का राहिला.

उतार ओलांडून इंग्रजी फौज बेचक्यात शिरली तेव्हा दुपारचे सुमारे तीन वाजले होते. दोन्ही बाजूंना नद्या असल्याने मराठ्यांच्या घोडदळाला तिला वळसा घालता येईना. येथवर वेलस्लीचा डाव जमला. त्याची अटकळ अशी होती की मराठ्यांची रांग नदीकडे तोंड करून राहील आणि आपण तिच्या बगलेवर पडू. शिंद्यांच्या कवायती पायदळाने, ज्याचा मुख्य अंमलदार हॅनोव्हरचा पोलमन होता, तोफांसह आपली सबंध रांग फिरवली आणि एक टोक केळणेवर व दुसरे असई गावावर टेकवून नवी फळी उभी केली. कवायतीत ढिली असलेल्या फौजेकडून हे होत नाही. वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल या माऱ्यात मारले गेले, त्याच्या उजव्या बाजूची पथके हुकूम चुकून सरळ असई गावाच्या तोंडी गेली आणि त्यांतील ७४ व्या हायलँडर पलटणीची धूळधाण झाली. घोडदळाच्या धडकेने ती बाजू वाचली. इंग्रज फळी तोफांच्या ओळीवरून पुढे सरकली तेव्हा मेल्याचे सोंग करून पडलेले काही मराठा गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. या गोलंदाजांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण शत्रूच्या कागदांतही त्यांच्या चिवटपणाची नोंद राहिली आहे. संध्याकाळपर्यंत मैदान वेलस्लीच्या हाती आले, ९८ तोफा त्याला मिळाल्या आणि त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा जखमी झाली.

प्रत्यक्ष जागेवर जायचे असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जावे. मे महिन्यात केळणेच्या कोरड्या पात्रातून चालत जाणाऱ्याला या लढाईतील अर्धी अडचण दिसणारच नाही. सप्टेंबरात रानात ओल असते, बाजरी-मका डोक्याएवढे वाढलेले असते आणि काळ्या मातीत बैलगाडीचे चाक कसे रुतते हे डोळ्यांना दिसते, म्हणजे तोफगाड्याचे काय होत असेल याचा अंदाज येतो. दोनशे वर्षांत बंधारे झाले, पात्रे बदलली, मका त्या काळी आजच्याइतका नव्हता, ही वजाबाकी मनात करावी लागते. गावात गेल्यावर थेट लढाईविषयी विचारू नये. ‘बाबा, धरण व्हायच्या आधी बैलगाड्या नदीतून कुठून उतरायच्या?’ असे पारावरच्या जाणत्या माणसाला विचारावे. लढाईविषयी विचारले की पुस्तकातून गावात आलेलीच गोष्ट परत ऐकायला मिळते, आणि उताराविषयी विचारले की खरी माहिती मिळते. उभ्या पिकातून जाण्यापूर्वी शेतमालकाची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

आकड्यांबाबत कडक राहावे. असईत मराठ्यांची फौज ४० किंवा ५० हजार होती असे लिहिलेले आढळते आणि मग सात हजारांनी पन्नास हजारांना हरवले असे चटकदार वाक्य तयार होते. त्या मोठ्या आकड्यात बहुसंख्य स्वार होते आणि त्यांनी लढाईत फारसा भाग घेतला नाही. प्रत्यक्ष झुंजले ते दहा-अकरा हजारांच्या घरातील कवायती पायदळ आणि तोफखाना. इंग्रजांच्या बाजूलाही म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार होते, ते सात हजारांत धरलेले नसतात. म्हणून वहीत प्रत्येक फौजेसाठी दोन रकाने करावेत, एक छावणीत असलेल्यांचा आणि दुसरा हत्यार चालवलेल्यांचा. प्लासीला हाच नियम लावून पाहावा. २३ जून १७५७ रोजी सिराजउद्दौलाच्या फौजेचा मोठा हिस्सा मीर जाफर व इतर सरदारांच्या हाताखाली स्वस्थ उभा राहिला, हे ध्यानात घेतले की क्लाइव्हच्या पराक्रमाचा आकडा आपोआप आपल्या जागेवर येतो.

कागदपत्रे वाचताना तारखांचा घोळ होतो. पेशवेकालीन मराठी पत्रांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६४. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून जून ते डिसेंबरमधील पत्र असल्यास त्यात ५९९ आणि जानेवारी ते मेअखेरच्या पत्रासाठी ६०० मिळवावे. येथे पावसाळ्यातील पत्र असेल तर १७६३ मिळेल. निजामी अमलातील महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात साधारण ५९० मिळवावे लागतात. कोणतीही हकीकत घेताना ती लढाईनंतर किती दिवसांनी आणि कोणाला खूश करण्यासाठी लिहिली गेली ते समासात नोंदवावे. पुष्कळ बखरी घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिल्या गेल्या आहेत, छावणीतून त्याच आठवड्यात गेलेले पत्र रुक्ष असते पण विश्वासार्ह असते, आणि इंग्रज सेनापतीचा खलिता वरिष्ठांना आपली बाजू पटवण्यासाठी लिहिलेला असतो. तिन्ही वाचावेत, एकावर निकाल देऊ नये.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा लढाईनंतरच्या पाच वर्षांचा आहे. तहाचे कलम वाचून थांबू नये, ते अमलात आले का ते पाहावे. फेब्रुवारी १७६० मध्ये औसा-उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या बळावर निजामाला कोंडले आणि दौलताबादसह सुमारे ६० लाखांचा मुलूख लिहून घेतला. कागदावर यापेक्षा मोठा विजय शोधून सापडणार नाही. वर्ष उलटण्यापूर्वीच १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊ आणि गारदी दोघेही पानिपतावर संपले, निजाम पुन्हा चालून आला आणि १७६३ मध्ये त्याच्या फौजेने पुणे जाळले. निजामाची फौज व हाव दोन्ही शिल्लक होती, म्हणून उदगीर आपल्या कसोटीला उतरत नाही. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याचेही तसेच झाले. निजामअली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, दौलताबाद पुन्हा तहात आले, सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली लढले म्हणून आपल्याकडे या लढाईचे कौतुकही फार होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात वारशाची ओढाताण सुरू झाली आणि खर्ड्याची बहुतेक कमाई हातची गेली. येथे हरलेल्याने काही केले नाही, जिंकलेल्याच्याच घरात निर्णय घेणारा माणूस उरला नाही. त्यामुळे कसोटीचे तिसरे अंग दोन्ही पक्षांना लावावे लागते.

या पद्धतीने असईचा निकाल काय लागतो? इंग्रजी पुस्तके वेलिंग्टनच्या, म्हणजे याच आर्थर वेलस्लीच्या, चरित्रामुळे असईला फार उंचावर बसवतात. असईनंतर शिंदे-भोसल्यांचे घोडदळ जवळजवळ अखंड होते आणि स्टीव्हन्सनला जखमींच्या व्यवस्थेमुळे लगेच पाठलागही करता आला नाही. त्याच सुमारास उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने अलीगड व दिल्ली घेतली, शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरों चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १ नोव्हेंबर रोजी लासवाडीत उरलेल्या कवायती पलटणी झुंजून संपल्या. इकडे २९ नोव्हेंबरला वऱ्हाडात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला, तेव्हा कुठे भोसल्यांनी देवगावचा आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. निर्णय एका दुपारचा नव्हता, पाच महिन्यांच्या मोहिमेचा होता. असईत शिंद्यांच्या दक्षिणेतील तोफखान्याचा कणा मोडला, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. म्हणून वहीत असईसमोर ‘निर्णायक मोहिमेतील सर्वांत कठीण लढाई’ असा शेरा लिहावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने असईपासून नव्हे, राक्षसभुवनापासून सुरुवात करावी. गेवराई तालुक्यातील हे गोदाकाठचे तीर्थ शनीच्या देवळामुळे सर्वांना माहीत आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी निजामअली नदी ओलांडून उत्तरेला गेलेला असताना आणि गोदावरीला पूर असताना त्याच्या फौजेचा मोठा भाग दिवाण विठ्ठल सुंदरसह दक्षिण काठावर अडकला. राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे यांनी तोच गाठला, दिवाण मारला गेला आणि निजाम पलीकडच्या काठावरून पाहत राहिला. एक दिवस, एक नदी, दोन काठ, आणि महिन्या-दीड महिन्यात औरंगाबादेस झालेला तह, एवढाच पसारा असल्याने वरील प्रत्येक टप्पा येथे दोन-तीन आठवड्यांत पुरा करता येतो. माधवरावांच्या हयातीत निजामाने पुन्हा तसा घाला घातला नाही, त्यामुळे कसोटीचे उत्तरही स्वच्छ मिळते. जागा पाहायला ऑगस्टमध्येच जावे, पण पात्रात उतरू नये, कारण वर पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की येथील पाणी झपाट्याने चढते, आणि निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहून घ्यावी.